थेंब पडलेली बरणी

सुज्ञ व सहृदय वाचकांस सविनय निवेदन असे की, पुढील पृष्ठांत एका बरणीच्या अदलाबदलीचा साद्यंत वृत्तांत कथन केला जाणार आहे. या वृत्तांतात रक्तपात नाही, पाठलाग नाही आणि पिस्तूल तर औषधालाही नाही. तथापि एका निरपराध बाईचे नाव मातीला मिळण्याची वेळ आली होती, आणि ज्या गृहस्थाने ते वाचविले त्यास त्यापायी स्वतःचे नाव पणाला लावावे लागले. सर्व धागेदोरे मी वाचकांपुढे प्रामाणिकपणे मांडीन, एकही पदराआड ठेवणार नाही. ज्यांना उत्तर आधीच सापडेल त्यांनी कृपा करून शेजारी वाचत बसलेल्या माणसाला ते सांगू नये.

१. खांद्यावरचा थेंब

मातीची भांडी भाजणाऱ्या मिठाच्या भट्टीचा तो कारखाना बंद पडून बारा वर्षे लोटली होती. धुराड्याच्या टोकावर गवत उगवले होते. साच्यांच्या खोलीत आता सायकली दुरुस्त होत होत्या. केवळ कचेरीची खोली मात्र पूर्वीसारखी राखलेली होती, आणि त्या खोलीत नमुन्यांचे एक काचेचे कपाट होते. सांडपाण्याच्या नळांचे तुकडे, शाईच्या बाटल्या, आम्लाचे बुधले अशी सारी प्रजा खालच्या फळ्यांवर, आणि सर्वांत वरच्या फळीवर एकटीच, राणीसारखी, 'पहिली बरणी'. भट्टी बांधल्यावर जी पहिली भाजणी झाली, तीतून सर्वप्रथम बाहेर काढलेले ते भांडे. पोटावर निळ्या रंगाचा पक्षी, एका बाजूस कान, आणि तो कानही किंचित डावीकडे कललेला.

शहराच्या संग्रहालयाने हे कपाट जसेच्या तसे नेण्याचे ठरविले होते. कपाटाबरोबर ते सांभाळणारी बाईही जाणार होती. ही बाई म्हणजे कारखान्यात चाकावर भांडी घडविणाऱ्या जुन्या चाकवाल्याची मुलगी. तिला लहानथोर सर्वजण 'ताई' म्हणत. संग्रहालयात राखणदाराची कायम नोकरी आणि मागच्या अंगाला राहण्यास दोन खोल्या, असा तिचा योग जुळून आला होता.

किंमत ठरविण्यास संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी भिंग काढले, बरणी न्याहाळली, आणि मग पिशवीतून एक मोठा करून घेतलेला फोटो काढून बरणीशेजारी धरला. फोटो पहिल्या भाजणीच्या दिवसाचा होता. कारखान्याचे दिवंगत मोठे मालक त्यात तरुण, अंगावर राख, हातात हीच बरणी.

"फोटोत खांदा स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "आणि इथे हा बघा."

बरणीच्या उजव्या खांद्यावर हिरवट तपकिरी काचेचा एक टपोरा थेंब गोठलेला होता.

"एकदा भाजून निघालेल्या भांड्यावर मागाहून असा थेंब येत नसतो," बाई सावकाश म्हणाल्या. "ही ती बरणी नाही. कोणीतरी बदलली आहे."

मालकांचे थोरले चिरंजीव तेथेच उभे होते. त्यांचा चेहरा वीटकरी झाला.

"कपाटाला किल्ल्या किती?"

"एकच," ताई म्हणाली.

"कोणाकडे?"

ताईने मूठ उघडली. किल्ली तिच्याच हातात होती.

"उद्या तीन वाजता संग्रहालयाची समिती येतेय," थोरले म्हणाले. "तोपर्यंत बरणी जागेवर आली तर ठीक. नाहीतर मी सरळ पोलिसांत जाणार. मग तू चाकवाल्याची मुलगी असशील नाहीतर आणखी कोणाची."

"थोरले, सहा वर्षं मी हिच्यावरची धूळ पुसतेय. पहिल्या दिवसापासून हा थेंब आहे. मला वाटलं, असतोच तो."

"हो ना. आता असंच वाटणार तुला!"

२. टिचकीकाका

या जगात त्या बरणीबद्दल बोलण्याचा अधिकार असलेली जी दोन माणसे उरली होती, त्यांपैकी एक म्हणजे टिचकीकाका. एकतीस वर्षे ते कारखान्याचे तपासनीस होते. भट्टीतून निघालेले प्रत्येक भांडे त्यांच्यापुढे येई. ते त्याच्या काठावर टिचकी मारीत व कान लावीत. खणखणीत नाद आला की निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण, आणि बद्द आवाज आला की तिकोनी कानशीने बुडाशी एक खाच. खाच पडलेला माल नापास. तो कामगारांनी घरी न्यावा अशी मुभा होती. एकतीस वर्षांत काकांचा कान एकदाही चुकला नाही असे सर्वजण म्हणत, आणि काका स्वतः तर फारच म्हणत.

ताई दारात येऊन उभी राहिली तेव्हा ते खुर्चीचा पाय घट्ट करीत होते. तिने एका दमात सर्व सांगितले.

"काका, तुम्ही एकदा येऊन बघा हो. तुमचं कोणी खोटं मानणार नाही."

काकांनी हातोडी खाली ठेवली. कारखाना बंद झाल्यापासून त्यांनी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकले नव्हते. त्या शेवटच्या संध्याकाळी सर्व कामगारांनी आपापले एकेक हत्यार भट्टीत ठेवले होते. चाकवाल्याने माती कापायची तार, कोणी थापटणे, कोणी फावडे, आणि काकांनी आपली कानस. मग थोरल्यांनी स्वतः विटा लावून भट्टीचे तोंड कायमचे बंद केले होते. ते दृश्य पुन्हा आठवायला नको, म्हणून काका तिकडे फिरकत नसत.

"तुझ्या बापानं मला चाकावर बसवायचा फार प्रयत्न केला," ते पायात चपला सरकवीत म्हणाले. "मी बसलो की माती उठून पळायची. म्हणून मला कानाचं काम दिलं. चल."

कचेरीत थोरल्यांनी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यास आणून बसविले होते. तीन वर्षांपूर्वी याच व्यापाऱ्याने ही बरणी विकत मागितली होती, व ताईने त्याला दारातून परत पाठविले होते. त्याला काकांनी नीट पाहून घेतले.

"अहो, बदलली कसली!" व्यापारी हात उडवीत म्हणाला. "हा थेंबच सांगतोय की माल जुना आहे. गिऱ्हाईक थेंबाला भुलतं. अंगाची चकाकी बघा! फोटोत धूळ बसली असेल म्हणून दिसत नाही."

काका सरळ कपाटाकडे वळले. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी खाली घेतली आणि टिचकी मारली. घंटेसारखा नाद खोलीभर फिरला. क्षणभर काका तरुण झाले. आवारातल्या गाड्यांचा खडखडाट, ओल्या मातीचा वास, चाकवाल्याची शीळ, सारे त्या नादामागून आत आले आणि नादाबरोबरच विरून गेले.

मग त्यांनी अंगावरून बोट फिरविले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भट्टी पांढरी तापली की वरच्या भोकांतून आत मीठ टाकतात. मिठाची वाफ मातीच्या अंगावर बसते आणि तिचीच काच होते. म्हणून या भांड्यांचे अंग संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचसखल लागते. या बरणीचे अंग तसेच होते, भरदार आणि तुकतुकीत.

"खरी आहे," काका म्हणाले. "आपल्याच भट्टीची. नक्कल करणाऱ्याला अशी साल जमत नाही."

"मी काय म्हणत होतो!" व्यापारी उद्गारला.

"पण पहिल्या भाजणीची नाही."

संग्रहालयाच्या बाईंनी भिंग पुढे केले. "काका, कानाच्या खालच्या टोकाला बघा. कान चिकटवताना अंगठा दाबलाय. पण त्या ठशावर मधोमध आडवी रेघ आहे. चिरेसारखी."

काकांनी भिंगातून पाहिले. तो अंगठा त्यांच्या परिचयाचा होता.

"थोरले, ताईच्या आधी ही किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," थोरले गुरकावले. "म्हणजे तुम्ही आता मला चोर ठरवणार?"

"अजून कोणालाच नाही," काका म्हणाले. "मीठवाला जिवंत आहे ना?"

३. मीठवाल्याची शपथ

मीठवाला म्हणजे भट्टीत मीठ टाकणारा. चाळीस वर्षे ज्वाळांत पाहून त्याच्या भुवया गेल्या त्या परत आल्याच नाहीत. नातवाच्या घराच्या मागच्या ओट्यावर तो उन्हात बसला होता.

"टिचक्या! मेलास असं ऐकलं होतं."

"तुझ्या आधी जायचं नाही असं ठरवलंय. एक सांग, पहिल्या भाजणीचा माल कसा निघाला होता?"

म्हातारा खुदकन हसला. "तू तेव्हा नव्हतास रे. भिकार निघाला! पोतीच्या पोती मीठ टाकलं. पण भट्टी नवी, विटा कोऱ्या. सगळं मीठ विटाच प्याल्या. भांडी बाहेर आली ती अशी सुकी, फुटलेल्या टाचेसारखी. मोठे मालक मात्र पहिली बरणी उराशी धरून नाचले. चाकवाला म्हणाला, मालक, उतरवा, माझी पोरगी आहे ती."

"बरणी चाकवाल्याने केली होती?"

"मग कोणी? मालकांनी फोटो तेवढा काढला." तो पुन्हा हसला. "पुढे वर्षानुवर्षं विटांवर मिठाची काच चढत गेली. शेवटी शेवटी तर छताला काचेच्या लोंब्या लटकायच्या. भाजणीत त्या वितळायच्या आणि खालच्या मालावर टपकायच्या. आम्ही म्हणायचो, म्हातारी रडतेय."

काकांनी सावकाश मान हलविली. नवे छत गळत नाही; गळण्यासाठी त्याच्यापाशी काही साठलेलेच नसते. ज्या थेंबाला व्यापारी जुनेपणाचा शिक्का म्हणत होता, तोच थेंब बरणी भट्टीच्या म्हातारपणातली आहे असे ओरडून सांगत होता.

"आणि मोठ्या मालकांचा अंगठा कधी चिरला?"

म्हाताऱ्याचे हसू मावळले. "बंद व्हायच्या आदल्या वर्षी. मातीच्या तारेनं. मीच फडकं बांधलं." मग त्याने तोंड फिरविले.

"बोल ना."

"मला शपथ आहे."

"घालणारा गेला. आणि चाकवाल्याची पोर उद्या पोलिसांपुढे उभी राहणार आहे."

मीठवाल्याने बराच वेळ ओट्याच्या कडेवर नख घासले.

"शेवटच्या भाजणीला मालकांनी एक बरणी स्वतः केली," तो अखेर म्हणाला. "पक्षी काढलेली, वाकड्या कानाची. म्हणाले, ही अमुक जागी ठेव. मी म्हटलं, मालक, तिथली वीट सर्वांत जास्त गळते, थेंब पडेल. तर म्हणाले, 'पडू दे. ज्याला भट्टी कळते त्याला कळेल.' एवढंच. जुनी बरणी कुठे गेली ते मला खरंच ठाऊक नाही, टिचक्या. त्या दिवसांत ते पेंढा मागत फिरत होते, तेवढं आठवतं."

"पेंढा? कशाला?"

"मालकाला कोण विचारणार?"

४. कालथ्यांची बरणी

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ताईच्या घरी गेले. अर्धे कोडे सुटले होते. नवी बरणी मोठ्या मालकांनीच केली होती. परंतु थोरले म्हणणार, "केली असेल बाबांनी. ती दुसरीकडे असेल, आणि नंतर हिने ती आणून खरीच्या जागी ठेवली." जोवर मूळ बरणी केव्हा बाहेर गेली हे सिद्ध होत नाही, तोवर ताईच्या गळ्यातला फास सुटणार नव्हता.

ताईने चहा टाकला. रात्रभर ती झोपली नसावी. साखरेचा डबा तिने दोनदा उघडला आणि दोनदा मिटला.

"काका, नोकरी गेली तर जाऊ दे. पण बाबांचं नाव त्या आवारात अजून घेतलं जातं. उद्या लोक म्हणतील, चाकवाल्याची मुलगी चोर निघाली."

काका काही बोलणार इतक्यात त्यांची दृष्टी ओट्याच्या कोपऱ्याकडे गेली. तेथे पळ्या, कालथे आणि लाटणे खोचलेली एक मळकट बरणी उभी होती. कामगाराच्या घरात नापास बरणी असणे यात नवल ते काय? काकांच्या स्वतःच्या घरी चार होत्या. केवळ सवयीने त्यांनी हात लांब करून काठावर टिचकी मारली.

बद्द.

"नापास," ते पुटपुटले.

"कालथे आहेत ना आत, कशी वाजेल?" ताई म्हणाली. तिने सर्व खोचलेले काढून घेतले. "आता मारा."

काकांनी मारली. आणि ओट्यावरची पातेलीसुद्धा ऐकत राहावीत असा निर्मळ नाद उठला.

काका पुढे सरकले. त्यांनी बरणी भिंतीकडून वळविली. धुरकटलेल्या, सुक्या, टाचेसारख्या अंगावर एक फिकट पक्षी होता. कान डावीकडे कललेला. खांदा स्वच्छ.

"ही... ही कुठून आली?"

"बाबांनी आणली, कारखाना बंद झाला त्या दिवशी. म्हणाले, नापास आहे, पण विकायची नाही, घासायची नाही, आणि तोंड भिंतीकडे ठेवायचं. पक्षी तर सगळ्याच बरण्यांवर असतो, मी कशाला बघतेय!" एकाएकी ती थबकली. "काका... ही तीच आहे? माझ्याच घरात?"

काकांनी बरणी उलटी केली. बुडाच्या कडेला एक तिकोनी खाच होती, आणि खाचेच्या आत दोन बारीक समांतर रेघा. त्यांच्या कानशीचा एक दात तुटका होता. तशी खाच जगात दुसऱ्या कोणाची नव्हती.

एकतीस वर्षांत न चुकलेल्या माणसाने एका धडधाकट बरणीला नापास केले होते, आणि तीही पहिल्या बरणीला.

५. खाच

तीन वाजता कचेरीत संग्रहालयाची समिती बसली. समोर थोरले, व्यापारी, संग्रहालयाच्या बाई, काका, मीठवाला आणि ताई. टेबलावर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या.

"सापडली ना हिच्याच घरात!" थोरले टेबलावर थाप मारून म्हणाले. "आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

काका उभे राहिले. त्यांना अजूनही एक वाट मोकळी होती. खाचेविषयी न बोलता, थेंब आणि अंगठा दाखवून ते खाली बसू शकत होते. समितीने कदाचित तेवढ्यावर भागविलेही असते. पण त्या 'कदाचित'वर ताईचे उभे आयुष्य टांगलेले राहिले असते.

"थोरले, भट्टीचं तोंड कोणी बंद केलं?"

"मी. तुम्ही सगळे होतात की."

"त्या आधी मी आत काय ठेवलं?"

"तुमची ती तुटकी कानस. बाबा हसले होते त्यावर."

"मग या खाचेत बोट घाला."

थोरल्यांनी घातले. दोन रेघा त्यांच्या बोटाला लागल्या. त्यांनी बोट चटकन मागे घेतले.

"ती कानस बारा वर्षं विटांमागे आहे," काका म्हणाले. "म्हणजे ही खाच भट्टी बंद होण्याच्या आधीची. म्हणजे ही बरणी तेव्हाच कपाटातून निघाली होती, ताईच्या हाती किल्ली येण्याच्या सहा वर्षं आधी. त्या दिवशी नापास माल फाटकातून जात होता. मोठे मालक स्वतः एकेक नग माझ्यापुढे धरत होते. मला वाटलं, निरोप द्यायला उभे आहेत. एक बरणी गोणपाटात गुंडाळलेली आली, काठ आणि बूड तेवढं उघडं. मी टिचकी मारली. बद्द वाजली. वाजणारच, आत गच्च पेंढा होता! माझे डोळे भरलेले होते. मी आत हात घातला नाही, गोणपाट सोडलं नाही. खाच मारली आणि म्हटलं, कोणाच्या घरी जायचीय? मालक म्हणाले, चाकवाल्याच्या. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला."

काकांनी खाचेवर अंगठा फिरविला. पुढचे वाक्य त्यांना जड गेले.

"लोक म्हणतात माझा कान कधी चुकला नाही. चुकला. एकदाच, पण या बरणीवर चुकला. मालकांना ठाऊक होतं की मी कानावर विसंबतो, डोळ्यांवर नाही. ज्या हातांनी ती घडवली त्यांच्याकडे त्यांना ती परत द्यायची होती, आणि चाकवाला बक्षीस म्हणून ती कधी घेणार नव्हता. नापास माल मात्र त्याच्या हक्काचा होता."

थोरले खुर्चीत मागे टेकले. त्यांचा आवाज पार उतरला.

"मला का नाही सांगितलं बाबांनी?"

"तुम्ही भावंडं त्या आठवड्यात छपराचे पत्रे आणि लाकडं वाटून घेत होता," काका हळूच म्हणाले. "बरणीही वाटणीत गेली असती. पण त्यांनी लपवलंही नाही. मुद्दाम थेंब पाडून घेतला. आपल्यापैकी कोणी बघायलाच आलं नाही."

थोरले उठले, ताईसमोर गेले, आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"राहू दे, थोरले," ताई म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

व्यापाऱ्याने सुकी बरणी उचलून नाक मुरडले. "हिला बाजारात कोण विचारणार? चकाकी नाही, थेंब नाही, वर बुडाला खाच!"

"म्हणूनच तुम्हाला तिची किंमत कळणार नाही," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "चकाकणारे नग शेकड्याने आहेत. कोऱ्या विटांची तहान अंगावर घेऊन आलेला हा एकच. मात्र ही आता ताईंची आहे. द्यायची की नाही ते त्यांनी सांगायचं."

ताईने दोन्ही बरण्यांकडे आळीपाळीने पाहिले.

"दोन्ही न्या," ती म्हणाली. "पण एकाच फळीवर ठेवायच्या. एक बाबांनी केली, एक मालकांनी. आणि त्यांच्यावरची धूळ मीच पुसणार."

सर्वजण उठले. काका मात्र टेबलापाशीच रेंगाळले. त्यांनी सुक्या बरणीच्या काठावर हळूच टिचकी मारली व डोळे मिटून नाद पूर्ण विरेपर्यंत कान लावून उभे राहिले. नंतर खिशातून निळ्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढला. बारा वर्षे तो त्यांच्या खिशात काय करीत होता, हे त्यांना कोणी विचारिले नाही.

"काका, संग्रहालयाच्या वस्तूवर काही लिहायचं नसतं," बाई म्हणाल्या. आणि एवढे बोलून त्या पाठ वळवून बराच वेळ खिडकीबाहेरचे धुराडे पाहत राहिल्या.

काकांनी खाचेच्या शेजारी बरोबरची खूण केली.

*येथे हा वृत्तांत समाप्त झाला. चार यत्ता शिकून दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या माणसाने तो आपल्या अल्प बुद्धीनुसार लिहिला आहे. आपण तो शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल आपले अंतःकरणपूर्वक आभार. आपल्या घरी एखादी जुनी बरणी असेल, तर आतले कालथे काढून तिला एकदा टिचकी मारून पाहावी.*

*आपला नम्र,*
*पाटीवाले नाना*